छोट्या धंद्यांचं डिजिटल मार्केटिंग: कोणत्या समजुतींपायी आमचे पैसे गेले

शेंगतेल | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार. सांगलीत आमचा लाकडी घाणा आहे. शेंगदाणा, करडई, तीळ आणि खोबरं, एवढीच तेलं काढतो. पेंड गोठेवाले घेऊन जातात. घाणा सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी सुरू केला. दीड वर्षापूर्वी ऑनलाइनचं सगळं माझ्याकडे आलं. या दीड वर्षात डिजिटल मार्केटिंगच्या नावाखाली आम्ही जेवढे पैसे घालवले, तेवढ्यात तेल निवळायच्या दोन नव्या स्टीलच्या टाक्या आल्या असत्या.

धागा काढायचं कारण असं की माझी एक मैत्रीण जयसिंगपूरला घरगुती मसाले करते. परवा तिचा फोन आला, "डिजिटल मार्केटिंगची एजन्सीवाले पंचवीस हजारांचं पॅकेज सांगतायत, घेऊ का?" तिच्याशी बोलताना लक्षात आलं की दीड वर्षापूर्वी माझ्या डोक्यात जे होतं तेच आज तिच्या डोक्यात आहे, अगदी त्याच शब्दांत. तिला फोनवर तासभर सांगितलं. तेच इथं लिहिते, आणखी कुणाच्या उपयोगी पडावं म्हणून.

पहिली समजूत: रील चाललं की धंदा चालला.

मागच्या दिवाळीआधी मी एक रील टाकलं. घाण्यात शेंगदाणे पडतायत, लाट फिरतेय, खालून पहिली धार भांड्यात उतरतेय. काही ठरवून केलेलं नव्हतं. चार दिवसांत तीन लाखांवर व्ह्यूज गेले. घरात सगळे खूश. फोन थांबेना. इंदूर, दिल्ली, हैदराबाद, सगळीकडून "भाव काय?" आम्ही पाच-पाच लिटरचे कॅन कुरिअरनं पाठवायला घेतले. दोन कॅन वाटेत गळले. बाकीच्या पार्सलांवर तेलाचे इतके डाग पडले की कुरिअरवाल्यानं पुढचे घ्यायलाच नकार दिला. भाडं धरलं तर लिटरमागे आमच्या हातात जे राहतं त्याहून जास्त पैसे रस्त्यात जात होते. एक लिटर शेंगतेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात, त्यामुळे भाव खाली आणायला आमच्याकडे जागाच नसते.

महिना संपल्यावर अण्णांची वही आणि माझा फोन शेजारी ठेवून बसले. सांगली, मिरज, कुपवाड ही आमची गिऱ्हाईकं. डबे घेऊन आमचा पोरगा ॲक्टिव्हावर जातो. त्या महिन्यात नवी घरं जोडली गेली सहा. त्याच्या आदल्या महिन्यात, काहीही न करता, पाच. मग इन्स्टाग्रामच्या आकडेवारीत शहरांची यादी उघडून पाहिली. वरच्या पाच शहरांत सांगली नव्हतीच.

दुसरी समजूत: गूगलवर जाहिरात लावली की तेल शोधणाराच येणार.

माझ्या मते सगळ्यात महाग पडलेली ही. जाहिरात मीच लावली होती, 'लाकडी घाणा' या शब्दावर. रोज तीनशे रुपये. क्लिक भरपूर यायचे, ऑर्डर जवळजवळ नाहीच. दोन महिन्यांनी कुणीतरी सांगितलं म्हणून 'सर्च टर्म्स'चा अहवाल उघडला. लोकांनी गूगलमध्ये खरोखर काय टाइप केलं होतं ते त्यात दिसतं. वाचून मी गारच पडले:

लाकडी घाणा मशीन किंमत
लाकडी घाणा अनुदान
तेल घाणा प्रोजेक्ट रिपोर्ट
घाण्याला किती एचपीची मोटर
घाणा भरणे गाणी

शेवटची ओळ दोनदा वाचली. लग्नाआधी घाणा भरतात ना, त्या वेळची गाणी शोधणाऱ्या बायकांना माझी तेलाची जाहिरात दिसत होती, आणि त्यातल्या काहींनी ती उघडलीही होती. बाकीचे सगळे स्वतः घाणा टाकायला निघालेले. म्हणजे मी दोन महिने पदरचे पैसे मोडून माझ्या होऊ घातलेल्या स्पर्धकांना आमचं दुकान दाखवत होते.

तिसरं एजन्सीचं आहे. ते उद्या लिहिते. आत्ता डब्यांच्या झाकणांची सीलं लावायची आहेत.

रानजाई | सोमवार, रात्री १०:५०

घाणा भरण्याच्या गाण्यांचं वाचून अंगावर काटाच आला. हे कुणी सांगतच नाही. पुढचं लिहा, वाट पाहतेय.

आडवाटेवरून | सोमवार, रात्री ११:३५

शेंगतेल ताई, फार उपयोगाचा धागा काढलात. मी पुण्यात हेच काम करतो, बारा वर्षं झाली. तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला जोडून दोन गोष्टी सांगतो, आजच करता येतील अशा.

एक. शब्द टाकताना गूगल तो आपणहून 'ब्रॉड' धरतं, म्हणजे त्या शब्दाच्या आसपासचं काहीही चालतं. अवतरणचिन्हांत टाकला तर 'फ्रेज', म्हणजे शोधात त्या शब्दांचा अर्थ असायला हवा. चौकटी कंसात टाकला तर 'एक्झॅक्ट', म्हणजे शोधच त्या अर्थाचा हवा. त्याशिवाय 'निगेटिव्ह' शब्दांची यादी असते, म्हणजे शोधात ते शब्द असले की जाहिरात दाखवायची नाही. मशीन, किंमत, अनुदान, प्रोजेक्ट, मोटर, गाणी, लग्न, सेकंड हँड हे सगळे त्यात घाला. मराठीत एकदा, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकदा. आपले लोक 'लाकडी घाणा' रोमन लिपीत पाच तऱ्हांनी लिहितात. फक्त 'किंमत' घालताना विचार करा. तेलाची किंमत शोधणारा तुमचाच आहे. तिथं 'मशीन किंमत' असा जोडशब्द घाला.

दोन. ठिकाण. तुम्ही सांगली निवडलंत, तरी त्याखाली आणखी एक पर्याय मिटून ठेवलेला असतो. 'त्या ठिकाणी असलेले लोक' की 'त्या ठिकाणी असलेले किंवा त्या ठिकाणाबद्दल रस दाखवलेले लोक'. आधीपासून निवडलेला असतो तो दुसरा. त्यामुळे नागपुरात बसून सांगलीबद्दल काहीतरी शोधणाऱ्यालाही जाहिरात दिसू शकते. ज्यांचं गिऱ्हाईक ॲक्टिव्हाच्या टप्प्यातलं आहे त्यांनी पहिला पर्याय घ्यावा. माझ्याकडे येणाऱ्या दहा खात्यांपैकी नऊ खात्यांत हे बदललेलं नसतं.

ताणाबाणा | मंगळवार, सकाळी ८:०५

इचलकरंजीत आमचे यंत्रमाग आहेत. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हा सगळा खर्चच वायफळ आहे. आमचा माल ओळखीवर, दलालावर आणि शब्दावर जातो. तीस वर्षांत एक मीटर कापड इंटरनेटमुळे विकलं गेलेलं नाही. ज्याचा माल चांगला त्याला जाहिरात लागत नाही.

शेंगतेल | मंगळवार, दुपारी १:२०

ताणाबाणा काका, राग कसला? पण 'चांगल्या मालाला जाहिरात लागत नाही' हे अण्णाही म्हणायचे. तेल आमचं तेव्हाही चांगलंच होतं, तरी विश्रामबागेत नव्यानं राहायला आलेल्या कुटुंबाला ते कळायला वाटच नव्हती. शेजारणीनं सांगेपर्यंत ते सुपरमार्केटमधली पिशवी आणणार. माझं म्हणणं जाहिरात करू नये असं नाही. कुठं जातेय ते न बघता करू नये एवढंच आहे.

आता एजन्सीचं. नाव लिहिणार नाही, कृपया कुणी विचारू नका.

वर्षाचं पॅकेज घेतलं. महिन्याला पंधरा पोस्ट, चार रील, वेबसाइट फुकट. ऐकायला किती छान. प्रत्यक्षात पंधरा पोस्टमधल्या नऊ-दहा शुभेच्छांच्या असायच्या. वटपौर्णिमा, आषाढी, नारळी पौर्णिमा, अमुक दिन, तमुक दिन. कोपऱ्यात आमचा लोगो. आमच्या पानावर गेलेल्या बाईला सगळे सण कळायचे, पण शेंगतेलाचा आजचा भाव, दुकानाची वेळ आणि घरपोच कुठंपर्यंत देतो यातलं काहीच सापडायचं नाही. मीच एकदा गिऱ्हाईक होऊन वरपासून खालपर्यंत पान बघितलं तेव्हा कळलं.

उरलेल्या पोस्टांमध्ये "हृदयविकाराला दूर ठेवा", "शुगर नियंत्रणात" असली वाक्यं. मी विरोध केला, तर "सगळेच लिहितात मॅडम".

आणि मुख्य गोष्ट. वर्ष संपल्यावर करार वाढवायचा नाही असं ठरलं, तेव्हा समजलं की वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, त्यांच्या नावावर आहे. फेसबुक पानाचे मुख्य ॲडमिन ते, मी नुसती एडिटर. गूगल जाहिरातीचं खातंही त्यांचं. अण्णांच्या आई-वडिलांच्या नावावरून घाण्याचं नाव आहे, आणि त्या नावाचा ऑनलाइन पत्ता आमचा नव्हता. त्या दिवशी अण्णांना सांगताना मला रडू आलं. ते एवढंच म्हणाले, "जागेचा उतारा कुणाच्या नावावर आहे ते आपण बघितलं असतं का नसतं?"

पान मिळालं. डोमेनसाठी अजून भांडतेय.

सातवीण | मंगळवार, दुपारी २:०२

वाचून वाईट वाटलं ताई. आमच्या क्लासचंही असंच झालं होतं. शेवटी वेगळ्या नावानं नवीन डोमेन घ्यावं लागलं.

आडवाटेवरून | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

हे माझ्याच पेशातले लोक करतात याची मला लाज वाटते. ज्यांचं अजून झालेलं नाही त्यांच्यासाठी लिहितो, नीट वाचा.

डोमेन स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या कार्डानं, स्वतःच्या नावावर घ्या. वर्षाला हजाराच्या आसपास खर्च, अर्ध्या तासाचं काम. फेसबुकचं पान आणि जाहिरात खातं तुमच्या बिझनेस पोर्टफोलिओत (फेसबुकवरच्या व्यवसायाच्या खात्यात) ठेवा आणि एजन्सीला 'पार्टनर' म्हणून प्रवेश द्या. काम संपलं की एका बटणानं काढता येतो. गूगल ॲड्सच्या प्रत्येक खात्याला दहा आकडी क्रमांक असतो. खातं तुम्ही उघडा आणि तो क्रमांक एजन्सीला द्या. ते आपल्या मॅनेजर खात्यातून जोडून घेतील. पासवर्ड द्यायची वेळच येत नाही. यात जी एजन्सी आढेवेढे घेते तिच्याशी पुढं बोलू नका.

शेंगतेल ताई, तुम्ही त्यांच्याकडे दोनच गोष्टी लेखी मागा: डोमेनचं कुलूप काढणं आणि ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायला लागणारा गुप्त कोड. तो कोड मिळाला की दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) तुमच्या खात्यात डोमेन आणता येतं. पैसे दिल्याच्या पावत्या जोडा, त्यावर डोमेनचं नाव असेल तर उत्तमच.

आता फेसबुकच्या 'बूस्ट' बटणाबद्दल, म्हणजे पैसे भरून पोस्ट पुढं ढकलायचं बटण, कारण निम्मे पैसे तिथं जातात. लोकांना वाटतं बूस्ट म्हणजे पोस्ट जास्त गिऱ्हाइकांपर्यंत जाणं. फेसबुक तुम्ही जे मागाल ते शोधून देतं. लाइक मागितलेत तर सवयीनं लाइक करणारी माणसं गाठून देतं, आणि ही माणसं तेल घेतातच असं नाही. व्हिडिओ बघणारे मागितलेत तर बघणारे देईल. तिथं एक मोजमाप तीन सेकंदांचंच आहे. अंगठा सरकायला वेळ लागला तरी तीन सेकंद होतात. म्हणून तुमच्यासारख्यांनी व्हॉट्सॲपवर संदेश येणं हेच उद्दिष्ट ठेवावं, ठिकाण दुकानापासून ठरावीक किलोमीटरांत, आणि पोस्टमध्ये भाव लिहिलेला. भाव लिहिला की नुसते विचारणारे गळतात.

'जास्त पैसे लावेल त्याचीच जाहिरात दिसते' हेही अर्धवट आहे. फेसबुकच्या लिलावात बोलीबरोबर दोन गोष्टी धरतात: बघणारा अपेक्षित कृती करण्याचा अंदाज, आणि जाहिरातीचा दर्जा. गूगलही शब्दागणिक एक ते दहा असा क्वालिटी स्कोअर दाखवतं. जाहिरातीत शेंगतेल आणि क्लिक केल्यावर सणाच्या शुभेच्छा, असं असेल तर तोच क्लिक महाग पडतो.

उलट बाजूची चूकही सांगतो. शंभर रुपये रोज, तीन दिवस, आणि मग "चालत नाही" म्हणून बंद. मेटाचंच, म्हणजे फेसबुकच्या कंपनीचंच, म्हणणं आहे की जाहिरात संचाला शिकायला आठवड्यात साधारण पन्नास अपेक्षित कृती लागतात. छोट्या दुकानाला पन्नास ऑर्डरी जमणार नाहीत, पण पन्नास संदेश जमू शकतात. रोज सेटिंग बदलत राहिलात तर ते शिकणं पुन्हा पहिल्यापासून.

रानजाई | मंगळवार, रात्री ९:३०

आमचं गुहागर तालुक्यात खाडीकाठी घर आहे, चार खोल्या पाहुण्यांना देतो. माझी समजूत अशी होती की फॉलोअर वाढले की बुकिंग वाढेल. एका ओळखीच्या मुलानं वीस हजार फॉलोअर 'आणून दिले'. कुठले होते देव जाणे. नंतर मी मनापासून जे काही टाकायचे ते पन्नास जणांनासुद्धा दिसेना. पोस्ट आधी ज्यांना दाखवली जाते त्यांनी ढुंकून पाहिलं नाही तर ती पुढं जात नाही, आणि आमचे फॉलोअर तर ढुंकून पाहणारे नव्हतेच. ते खातं सोडून दिलं, नवीन काढलं.

पण मला जे सांगायचंय ते गूगल मॅपचं आहे.

दोन वर्षं आमच्याकडे येणारे पाहुणे उशिरा, चिडलेले पोचायचे. आम्हाला वाटायचं रस्ता खराब आहे म्हणून. एका मे महिन्यात एक काका-काकू रात्री आठला फोन करतात, "आम्ही घरासमोर आहोत, दिवा लावा." मी दिवा लावून अंगणात उभी. गाडी कुठंच नाही. मग लक्षात आलं, ते दाभोळला उभे होते, खाडीच्या पलीकडे. मॅपवर आमचा पिनच पलीकडच्या काठावर पडलेला. समोर पाण्यात आमचा दिवा त्यांना दिसतही असेल. धोपाव्याच्या फेरीबोटीतून ते इकडे आले आणि जेवायला बसेपर्यंत दहा वाजले.

आधी दोन जणांनी परीक्षणात लिहिलेलंही होतं, "लोकेशन चुकीचे". आम्ही परीक्षणं वाचतच नव्हतो, तारे मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी पिन हलवला. पैसे शून्य. फाट्यावरच्या पाटीचा, वळणावरच्या वडाचा आणि घराचा असे तीन फोटो टाकले. प्रत्येक परीक्षणाला उत्तर लिहायला घेतलं, चिडलेल्यांना आधी. त्या वर्षी जी वाढ झाली ती फॉलोअरवाल्या वर्षात झाली नव्हती. "मॅपवर बघून आलो" असं पाहुणे स्वतःहून सांगतात.

एक विनंती. नातेवाइकांना सांगून पाच-पाच तारे टाकून घेऊ नका, सवलत देऊनही घेऊ नका. गूगलच्या नियमात बसत नाही, ती काढूनही टाकतात. भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९००० हे मानकही आणलंय. पाहुण्याला निघताना नुसतं म्हणावं, "जसं वाटलं तसं लिहा." लिहितात लोक.

ताणाबाणा | बुधवार, सकाळी ७:५०

रानजाई ताईंचं वाचून काल रात्री आमच्या कारखान्याचं नाव मॅपवर टाकून बघितलं. फोन नंबर आहे तो २०१९ साली बंद केलेला लँडलाइन. ही नोंद कुणी केली तेही माहीत नाही. दोन महिन्यांपूर्वी मालेगावचा एक व्यापारी म्हणाला होता, "तुमचा फोन लागत नाही." मी त्याला दलालाकडून नंबर घ्यायला सांगितलं होतं. परत त्याचा फोन आला नाही.

हे दुरुस्त कसं करायचं? पैसे भरावे लागतात का?

आडवाटेवरून | बुधवार, सकाळी ९:१०

काका, एक पैसा लागत नाही. त्या नोंदीवर 'हा व्यवसाय तुमचा आहे का' अशा अर्थाचा पर्याय दिसेल. तिथून दावा करा. पडताळणीसाठी बहुधा व्हिडिओ मागतील: रस्त्यावरून पाटी, मग आत माग चालू असलेले, मग तुम्ही कुलूप उघडताना किंवा ऑफिसात बसलेले. एकाच सलग चित्रणात घ्या.

"गूगलकडून बोलतोय, पडताळणीचे पैसे भरा, नाहीतर नोंद जाईल" असा फोन येईल. सरळ ठेवून द्या. नोंद फुकट आहे. मॅपवर वरचा क्रमांक विकत मिळत नाही, हेही गूगल स्वतः सांगतं. तिथला क्रम शोधाशी जुळणं, अंतर आणि ठळकपणा या तिन्हींवर ठरतो.

"पहिल्या पानावर आणायची हमी" हेही तसंच. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही असं गूगलच्या मदत पानावरच लिहिलेलं आहे. तिथंच असंही आहे की एसइओच्या (शोधात वेबसाइट वर आणायच्या) कामाचा फायदा दिसायला चार महिने ते एक वर्ष लागतं. आणि कुणी वेबसाइटमध्ये 'मेटा कीवर्ड' (पानाच्या कोडमधली न दिसणारी शब्दांची ओळ) भरायचे पैसे लावत असेल, तर गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलंय की क्रम ठरवताना ते ती ओळ बघत नाहीत. आजही कोटेशनमध्ये ती ओळ दिसते मला.

तुमच्या धंद्याला रील नकोच काका. व्यापारी फोन करण्याआधी नाव शोधतो. पत्ता खरा आहे का, फोन लागतो का, कोणत्या काउंटचं (सुताच्या जाडीचं) कापड निघतं, एवढं त्याला सापडलं की झालं. दलाल आपल्या जागी राहू द्या.

ताळेबंद | बुधवार, दुपारी ४:४०

मी सीए आहे, मिरजेत. शेंगतेल, रील बघून बाहेरून ऑर्डरी आल्या हे वाचलं तिथंच थांबले. इंदूर, दिल्ली, हैदराबाद. तुमची नोंदणी कोणती आहे ते मला माहीत नाही, म्हणून सगळ्यांसाठी लिहिते.

'ऑनलाइन विकलं म्हणजे कुठंही विकता येतं' ही समजूत काढून टाका. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही हे बहुतेकांना माहीत असतं. पण ही सूट राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला. करपात्र माल राज्याबाहेर पाठवलात की उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. आणि कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत, असाल तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही. सांगलीवाल्यांना हे जास्त जपायला हवं, कारण बेळगाव आपल्याला घरचं वाटतं. कायद्याला ते दुसरं राज्य आहे. रील बेळगावात चाललं आणि चार डबे एसटीनं पाठवले, असं सहज होतं.

दुसरं, जाहिरातीचं बजेट धरताना १८ टक्के जीएसटी धरा. गूगल, मेटा दोघंही लावतात. नियमित नोंदणी असेल आणि खात्यात जीएसटी क्रमांक भरलेला असेल तर त्याची वजावट मिळते. क्रमांक भरायचा राहून गेला म्हणून वर्षभराची वजावट सोडलेले लोक माझ्याकडे येतात. कंपोझिशनवाल्यांना ती मिळत नाही. एजन्सीच्या कार्डावरून जाहिरात चालत असेल तर बिल त्यांच्या नावावर निघतं, तेही तपासा.

आणि ती "शुगर नियंत्रणात" वाली पोस्ट अजून पानावर असेल तर आजच काढा. अन्नपदार्थ रोग टाळतो किंवा बरा करतो असा दावा खास परवानगीशिवाय करता येत नाही, एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचे) २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. नोटीस आली तर ती तुमच्या परवान्यावर येईल.

शेंगतेल | बुधवार, रात्री ११:०५

ताळेबंद ताई, हात जोडून आभार. पोस्ट काढल्या, अकरा होत्या. आमची नियमित नोंदणी आहे, पण जाहिरात खात्यात क्रमांक भरलेला नव्हता. आत्ताच भरला. बेळगावच्या एका काकूंना मी गेल्या महिन्यात दोन डबे पाठवलेत. बिल बरोबर झालंय का ते उद्या बघते.

माझ्या मैत्रिणीनं हा धागा वाचला. तिचा एक प्रश्न आहे. तिला कुणीतरी सांगली-कोल्हापूरच्या पन्नास हजार मोबाइल नंबरांची यादी तीन हजारांत देतोय, व्हॉट्सॲपवर पाठवायला. घ्यावी का?

आडवाटेवरून | बुधवार, रात्री ११:४०

अजिबात नको. व्हॉट्सॲप बिझनेसच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जण बसतात, आणि ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच संदेश पोचतो. पन्नास हजारांपैकी किती जणांकडे ताईंचा नंबर असेल? कुठल्यातरी सॉफ्टवेअरनं जबरदस्तीनं पाठवले की लोक ब्लॉक करतात, तक्रार करतात आणि नंबरच बंद होतो. तोच नंबर मसाल्याच्या पाकिटांवर छापलेला असणार. शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे. अशा यादीतल्या कुणीही संमती दिलेली नसते.

शेंगतेल | गुरुवार, दुपारी ३:१५

तिला सांगितलं, तिनं नाही म्हणून कळवलं.

आम्ही सध्या काय करतो ते लिहिते, कारण रानजाई ताईंनी व्यक्तिगत निरोपात विचारलं होतं. अण्णांची वही आहे तशीच आहे. तारीख, नाव, तेल, किती, पैसे. त्यात मी लाल पेनानं एक रकाना आखलाय: 'कुठून कळलं'. नवीन माणूस आला की अण्णा विचारतात आणि एकच अक्षर लिहितात. शे म्हणजे शेजारणीनं सांगितलं, मॅ म्हणजे मॅप, व्हॉ म्हणजे व्हॉट्सॲपची जाहिरात, पा म्हणजे रस्त्यावरची पाटी बघून, रि म्हणजे रील. महिन्याच्या शेवटी मी अक्षरं मोजते. गेल्या महिन्यात नवीन चौदा घरं आली. शे सात, मॅ चार, व्हॉ दोन, पा एक. रि एकही नाही.

शे सात बघून मला सुचलं की शेजारणीला सांगायला सोपं व्हावं. आता प्रत्येक डब्यावर चिकटवलेल्या कागदावर व्हॉट्सॲप नंबर मोठ्या अक्षरात आहे आणि खाली एक ओळ: 'हा नंबर सेव्ह करा, नवीन घाणी निघाली की कळवू.' ज्यांनी सेव्ह केलाय त्यांना महिन्यातून एकदाच निरोप जातो, ताजं तेल कधी निघणार आणि भाव काय. उत्तरं येतात, "दोन लिटर ठेवा." बायका तोच निरोप सोसायटीच्या ग्रुपवर पुढं पाठवतात.

गूगलची जाहिरात पुन्हा सुरू केली, रोज शंभर रुपये, सात किलोमीटरांत, आडवाटेवरून यांनी सांगितलेले सगळे शब्द वगळून. कालच्या अहवालात पहिली ओळ होती 'शेंगदाणा तेल घाण्याचे मिरज'. तिथं आज सकाळी पोरगा दोन लिटर देऊन आला.

ताणाबाणा | गुरुवार, रात्री ८:२०

व्हिडिओ काढला. नातवानं धरला, मी कुलूप उघडलं. मागांच्या आवाजात काही ऐकू येत नाही, चालेल ना? त्या मालेगावच्या व्यापाऱ्याला मी स्वतः फोन केला. तो म्हणाला, "तुमचा कारखाना बंद झाला असं वाटलं."

आडवाटेवरून | गुरुवार, रात्री ८:४५

चालेल काका. पाटी, माग आणि तुमच्या हातातली किल्ली दिसली पाहिजे, आवाजाचं काही नाही.

शेंगतेल | शनिवार, सकाळी ११:३०

आज सकाळी ऑथ कोड आला. पावत्या जोडून तिसऱ्यांदा लिहिलं होतं, तेव्हा. डोमेन नवीन खात्यात ओढायला लावलंय. नाव अण्णांचं, ईमेल घाण्याचा, कार्ड माझं. अण्णांनी विचारलं, "उतारा झाला का नावावर?" म्हटलं, चार-पाच दिवस लागतील.

सातवीण | शनिवार, सकाळी ११:५२

अभिनंदन ताई! नूतनीकरणाची तारीख आत्ताच अण्णांच्या वहीत लिहून ठेवा. आमचं नवीन डोमेन गेल्या वर्षी तारीख विसरल्यामुळे जाता जाता वाचलं.